ओळ कोणती, ते क्लिकलाच विचारा

वाचकांचे प्रश्न : जावा स्विंगमधलं टेबल आणि माउस

या वेळी जे-टेबल आणि माउस यांवरचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. पतसंस्था, औषधांची दुकानं, दूध संकलन केंद्रं, ग्रंथालयं यांच्यासाठी लिहिलेल्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये स्विंग, म्हणजे खिडक्या, बटणं, टेबलं दाखवणारी जावाची लायब्ररी, अजून भरपूर आहे, आणि तिथे बसणाऱ्या माणसाचा दिवस टेबलावर क्लिक करण्यातच जातो.

क्लास आणि मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे, मध्ये छोटी रेघ देऊन छापली आहेत. कोडमध्ये रेघ काढून शब्द जोडायचे आणि जोडलेल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायचं. मेथडचं अगदी पहिलं अक्षर मात्र लहान. उत्तरं जावा ६ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना लागू आहेत. टेबलाला स्वतःचा सॉर्टर त्याच आवृत्तीत, २००६ साली, मिळाला.

प्रश्न : खातेदारांच्या टेबलात ओळीवर डबल-क्लिक केलं की खात्याचा तपशील उघडतो. पण नावाप्रमाणे सॉर्ट केल्यावर भलत्याच माणसाचं खातं उघडतं. सगळीच चुकत नाहीत, काही बरोबर उघडतात. सॉर्टरमध्ये दोष आहे का?

सॉर्टर ठीक आहे. तुम्ही दिसणाऱ्या ओळीचा क्रमांक घेऊन तो मॉडेलला, म्हणजे टेबलामागे ठेवलेल्या मूळ नोंदींना, विचारताय, आणि ते दोन क्रमांक वेगळे असतात.

समजा मॉडेलमध्ये चार खाती आहेत : ० वर शिंदे, १ वर कदम, २ वर पाटील, ३ वर आपटे. नावाप्रमाणे सॉर्ट केल्यावर पडद्यावर आपटे, कदम, पाटील, शिंदे असा क्रम दिसतो. मॉडेल मात्र जागचं हललेलं नसतं. वापरणाऱ्याने सर्वांत वरच्या आपट्यांवर क्लिक केलं की दृश्य क्रमांक ० मिळतो. तो जसाच्या तसा मॉडेलला दिला की शिंद्यांचं खातं उघडतं. कदम आणि पाटील यांचे क्रमांक योगायोगाने दोन्हीकडे तेच आहेत, म्हणून ती खाती बरोबर उघडतात. तपासणाऱ्याने नेमकं कदमांवर क्लिक केलं तर चूक सापडत नाही.

योग्य क्रम असा. माउसच्या इव्हेंटकडून गेट-पॉइंटने बिंदू घ्या. तो टेबलाच्या रो-ॲट-पॉइंटला द्या, म्हणजे दृश्य ओळ मिळते. ती उणे १ आली तर तिथेच रिटर्न करा, कारण क्लिक ओळींच्या खालच्या मोकळ्या जागेत झालं आहे. मग कन्व्हर्ट-रो-इंडेक्स-टू-मॉडेलने मॉडेलमधला क्रमांक काढा आणि तो घेऊन मॉडेलकडे जा. उणे १ ची तपासणी गाळली तर सॉर्टर असलेल्या टेबलात हीच मेथड इंडेक्सचा अपवाद फेकते. सॉर्टर नसलेल्या टेबलात ती मिळालेला आकडा मुकाट परत देते, म्हणून ही चूक बऱ्याचदा सॉर्टिंग सुरू केल्यावरच वर येते.

बरेच जण बिंदूऐवजी गेट-सिलेक्टेड-रो वापरतात. ती मेथडही दृश्य क्रमांकच देते, शिवाय निवड आणि क्लिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक ओळी निवडलेल्या असतील तर ती त्यांतली सर्वांत वरची ओळ सांगते. कंट्रोल धरून निवडलेल्या ओळीवर क्लिक केलं तर ती ओळ निवडीतून बाहेर पडते आणि उत्तर दुसऱ्याच ओळीचं येतं. राइट-क्लिकने तर निवड बदलतच नाही. क्लिक कुठे झालं हे हवं असेल तर क्लिकलाच विचारावं.

कॉलमचंही असंच आहे. हेडर धरून कॉलम इकडेतिकडे ओढता येतात, त्यामुळे कॉलम-ॲट-पॉइंटचं उत्तर कन्व्हर्ट-कॉलम-इंडेक्स-टू-मॉडेलमधून काढल्याशिवाय वापरू नका. खाते क्रमांकाचा कॉलम रिमूव्ह-कॉलमने लपवला असेल तर तो फक्त दिसण्यातून जातो, मॉडेलमध्ये राहतो. त्यामुळे मॉडेलच्या गेट-व्हॅल्यू-ॲटला ० दिलं तर खाते क्रमांक मिळतो, आणि टेबलाच्या त्याच नावाच्या मेथडला ० दिलं तर पहिल्या दिसणाऱ्या कॉलममधलं नाव. टेबलाच्या मेथडला दृश्य क्रमांक लागतात आणि मॉडेलच्या मेथडला मॉडेलचे. एकाच ओळीत दोन्हींची सरमिसळ दिसली की चूक तिथेच आहे असं समजा.

प्रश्न : माउस-क्लिक्डमध्ये गेट-क्लिक-काउंट २ आहे का ते बघतो. काही कॉलमवर डबल-क्लिक चालतं, काहींवर काहीच घडत नाही. कोड एकच आहे.

न चालणारे कॉलम संपादन करता येणारे असणार. डिफॉल्ट-टेबल-मॉडेलमध्ये इज-सेल-एडिटेबल मुळातच सगळ्या सेलना ट्रू देतं, त्यामुळे तुम्ही वेगळं काही केलं नसेल तर सगळेच सेल संपादनाला खुले असतात. तुमचे काही कॉलम चालताहेत, म्हणजे तेवढे कुणीतरी बंद केले आहेत.

घडतं ते असं. एका डबल-क्लिकमध्ये दाबलं, सोडलं, क्लिक झालं हे तीन इव्हेंट मोजणी १ ने येतात, आणि मग तेच तीन मोजणी २ ने. मजकुराचा नेहमीचा एडिटर दुसऱ्यांदा दाबल्याच्या क्षणी सुरू होतो आणि सेलच्या जागी एक टेक्स्ट-फील्ड येऊन बसतं. बटण सोडल्याचा इव्हेंट अजून टेबलालाच मिळतो, कारण बटण टेबलावर दाबलेलं होतं. क्लिकचा इव्हेंट मात्र एका अटीवर दिला जातो : ज्या घटकावर बटण दाबलं, तोच घटक त्या वेळी माउसखाली असला पाहिजे. आता माउसखाली टेक्स्ट-फील्ड आहे. म्हणून तो शेवटचा क्लिक कुणालाच मिळत नाही.

टेबल फक्त बघायचं असेल तर मॉडेलचं इज-सेल-एडिटेबल ओव्हरराइड करून फॉल्स द्या, प्रश्न मिटला. काही कॉलम संपादनासाठी हवेच असतील तर त्या सेलवर डबल-क्लिकला ‘उघडा’ हा दुसरा अर्थ देऊ नये असं आमचं मत आहे. माणसाला रक्कम दुरुस्त करायची असते आणि अंगावर खिडकी येते. तरीही हवंच असेल तर माउस-रिलीज्डमध्ये मोजणी २ तपासा आणि खिडकी उघडण्याआधी, टेबल संपादनात असेल तर गेट-सेल-एडिटरवर कॅन्सल-सेल-एडिटिंग करा. माउस-प्रेस्डमध्ये थेट मोडल डायलॉग (बंद केल्याशिवाय मागची खिडकी वापरू न देणारा) उघडू नका. बटण सोडल्याचा इव्हेंट मग टेबलापर्यंत पोचत नाही आणि निवड अजून चालूच आहे अशा समजुतीत टेबल राहतं.

एका क्लिकवर एक काम आणि दोन क्लिकवर दुसरं, असं हवं असेल तर लक्षात ठेवा की मोजणी १ चा क्लिक नेहमी आधी येतोच. पुढे दुसरा येणार आहे हे त्याला माहीत नसतं. एका क्लिकचं काम निरुपद्रवी ठेवा, उदाहरणार्थ बाजूला थोडक्यात माहिती दाखवणं, म्हणजे ते आधी झालं तरी बिघडत नाही. तसं जमत नसेल तर स्विंगचा टायमर लावून वाट बघावी लागते. किती वेळ, ते टूलकिटच्या गेट-डेस्कटॉप-प्रॉपर्टीला ‘एडब्ल्यूटी डॉट मल्टी-क्लिक-इंटरव्हल’ विचारलं की मिलिसेकंदांत मिळतं. हा आकडा वापरणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे बदलतो, कोडमध्ये ५०० लिहून ठेवू नका.

आणखी एक. तपशील डेटाबेसमधून येत असेल आणि तो आणायचं काम लिसनरमध्येच (इव्हेंट आला की चालणाऱ्या कोडमध्येच) करत असाल, तर तेवढा वेळ सगळी खिडकी गोठते. वापरणारा पुन्हा डबल-क्लिक करतो, ते क्लिक रांगेत साठतात आणि मग एकाच खात्याच्या तीन खिडक्या उघडतात. आणायचं काम स्विंग-वर्करच्या डू-इन-बॅकग्राउंडमध्ये टाका, खिडकी डनमध्ये उघडा, आणि मधल्या काळात त्या खात्याची विनंती चालू आहे याची खूण ठेवा.

प्रश्न : राइट-क्लिकचा मेनू माझ्या लिनक्सवर येतो, दुकानातल्या विंडोजवर येत नाही. आणि आला तरी ‘ही नोंद रद्द करा’ म्हटल्यावर दुसरीच नोंद रद्द होते.

मेनूचा इशारा लिनक्स आणि मॅकवर बटण दाबताना मिळतो, विंडोजवर सोडताना. तुम्ही इज-पॉपअप-ट्रिगर फक्त माउस-प्रेस्डमध्ये तपासत असणार. एक छोटी मेथड लिहा आणि ती प्रेस्ड आणि रिलीज्ड दोन्हीकडून बोलवा. क्लिक्डमधून नको. त्याऐवजी स्विंग-युटिलिटीजचं इज-राइट-माउस-बटण वापरण्याचा मोह होतो, पण मॅकवर कंट्रोल धरून डाव्या बटणाने केलेलं क्लिकही मेनूसाठीच असतं, ते त्यातून निसटतं.

दुसरी नोंद रद्द होते कारण राइट-क्लिकने निवड हलत नाही. मेनू पाचव्या ओळीवर उघडतो, निवड दुसऱ्यावर असते आणि तुमचा कोड निवडीला विचारतो. औषधांच्या साठ्यात हे महागात पडेल. मेनू दाखवण्याआधी बिंदूवरून ओळ काढा. ती आधीच निवडलेली असेल तर निवडीला हात लावू नका, नाहीतर माणसाने कष्टाने निवडलेल्या दहा ओळींची एक होईल. निवडलेली नसेल तर सेट-रो-सिलेक्शन-इंटरव्हलला तोच क्रमांक दोनदा द्या. ओळ उणे १ असेल तर ‘रद्द करा’ हा पर्याय बंद ठेवा.

याहून बरा मार्ग सेट-कंपोनंट-पॉपअप-मेनूचा आहे. दाबताना की सोडताना हा घोळ स्विंग स्वतः सांभाळतं, आणि कीबोर्डवरच्या मेनूच्या कळीने किंवा शिफ्ट व एफ-१० नेही मेनू उघडतो. ओळ निवडण्यासाठी टेबलाचं गेट-पॉपअप-लोकेशन ओव्हरराइड करा. त्यात माउसचा इव्हेंट मिळतो, त्यावरून वरचीच कृती करा आणि सुपरचं उत्तर परत द्या. मेनू कीबोर्डने मागितला असेल तर हा इव्हेंट नल असतो. तेव्हा निवडलेल्या सेलचा चौकोन गेट-सेल-रेक्टने काढून त्याचा खालचा डावा कोपरा द्या.

प्रश्न : शेवटच्या कॉलममध्ये ‘पावती’ आणि ‘रद्द’ अशी दोन बटणं रेंडररमधून दाखवली आहेत. बटणं दिसतात, पण दाबली जात नाहीत. ॲक्शन-लिसनर लावला आहे.

तिथे बटण नाहीच, त्याचं चित्र आहे. रेंडरर हा रबरी शिक्क्यासारखा असतो : एकच घटक टेबल ओळीओळीवर उमटवत जातं आणि काम झालं की बाजूला ठेवतं. पडद्यावर तो घटक कायमचा राहत नाही, म्हणून त्याला लावलेला कोणताही लिसनर कधीच वाजत नाही. खरा घटक सेलमध्ये येतो तो एडिटरमधून.

एकच बटण किंवा लिंकसारखा मजकूर असेल तर एडिटरच्या भानगडीत पडू नका. रेंडररने चित्र दाखवू द्या आणि टेबलाच्या माउस-रिलीज्डमध्ये बिंदूवरून कॉलम ओळखून काम करा. दाबलं त्या सेलवरच सोडलं का, हे बघायला प्रेस्डमधली ओळ आणि कॉलम लक्षात ठेवा. माणूस दाबतो, विचार बदलतो आणि माउस बाजूला नेऊन सोडतो, ती सोय राहिली पाहिजे.

दोन बटणं आहेत, तर एडिटर लिहिणं योग्य. ॲब्स्ट्रॅक्ट-सेल-एडिटर वाढवा आणि टेबल-सेल-एडिटर हा इंटरफेस घ्या. एका पॅनेलमध्ये दोन खरी बटणं ठेवा आणि ते पॅनेल गेट-टेबल-सेल-एडिटर-कंपोनंटमधून द्या. रेंडररसाठी तसंच दिसणारं दुसरं पॅनेल वेगळं बनवा, दोघांत एकच वापरू नका. मॉडेलच्या इज-सेल-एडिटेबलमध्ये या कॉलमला ट्रू हवं. बटण दोनदा दाबावं लागेल ही भीती नको : पहिल्या दाबण्यालाच एडिटर बसतो आणि तोच इव्हेंट टेबल त्याच्या आतल्या, बिंदूखालच्या बटणाकडे पाठवतं.

खरी मेख ॲक्शन-परफॉर्म्डमधल्या क्रमात आहे. आधी टेबलाच्या गेट-एडिटिंग-रोने दृश्य ओळ घ्या आणि लगेच मॉडेलच्या क्रमांकात बदला. मग फायर-एडिटिंग-स्टॉप्ड बोलवा. त्यानंतरच नोंद काढा. फायर-एडिटिंग-स्टॉप्ड आधी झालं तर एडिटिंग-रो उणे १ होऊन बसतो आणि कोणती ओळ होती ते कळत नाही. नोंद आधी काढली तर एडिटर उघडाच राहतो आणि बंद होताना नसलेल्या ओळीत मूल्य लिहायला जातो. शेवटची ओळ काढली की ॲरे-इंडेक्सचा अपवाद येतो, मधली काढली तर तिच्या जागी सरकून आलेल्या नोंदीत मूल्य लिहिलं जातं. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो ओरडत नाही.

एडिटर बंद होताना टेबल गेट-सेल-एडिटर-व्हॅल्यूचं उत्तर सेलमध्ये लिहितं हेही विसरू नका. आळसाने तिथे नल परत दिलात तर त्या सेलमधलं मूळ मूल्य पुसलं जातं. कंपोनंट देताना जे मूल्य हाती आलं होतं तेच जपून ठेवा आणि परत द्या.

प्रश्न : माउस ज्या ओळीवर असेल ती फिकट पिवळी करायची आहे. एका ओळीऐवजी सगळे मजकुराचे कॉलम पिवळे होतात आणि आकड्यांचे कॉलम मात्र कधी होतात, कधी नाही.

मजकुराच्या सगळ्या कॉलमना मिळून एकच रेंडरर असतो, आकड्यांना दुसरा. डिफॉल्ट-टेबल-सेल-रेंडररला सेट-बॅकग्राउंडने रंग दिला की तो रंग ‘न निवडलेल्या सेलचा रंग’ म्हणून लक्षात ठेवतो आणि पुढच्या सगळ्या सेलना तोच लावत सुटतो. म्हणून प्रिपेअर-रेंडरर ओव्हरराइड करताना जिथे इफ आहे तिथे एल्स हवाच. ओळ निवडलेली असेल तर रंगाला हात लावू नका. निवडलेली नाही आणि माउसखाली आहे, तर पिवळा. निवडलेली नाही आणि माउसखालीही नाही, तर टेबलाचा मूळ रंग परत द्या. निंबस लूकमध्ये एकाआड एक ओळ वेगळ्या छटेची असते. ती या एल्समुळे जाईल, हवी असेल तर ओळ सम की विषम बघून छटा स्वतः द्यावी लागेल.

माउसखालची ओळ माउस-मूव्ह्डमध्ये एका फील्डमध्ये ठेवा आणि ती बदलली तरच पुन्हा रंगवा. अख्खं टेबल रिपेंट करू नका. जुन्या आणि नव्या ओळीचे चौकोन गेट-सेल-रेक्टने काढून, रुंदी टेबलाएवढी धरून, तेवढेच दोन पट्टे रंगवा. माउस-एक्झिटेडमध्ये फील्ड उणे १ करा, नाहीतर माउस बाहेर गेला तरी पिवळा पट्टा मागे राहतो. आणि लिसनर ॲड-माउस-लिसनर व ॲड-माउस-मोशन-लिसनर अशा दोन्हींनी जोडा. एकच माउस-ॲडॅप्टर दोन्हीकडे चालतो, पण तो आपोआप दोन्हीकडे लागत नाही.

एक बारकावा उरतो. चाक फिरवून सरकवलं की माउस जागेवरच असतो, त्याखालून ओळी सरकतात, आणि पिवळा पट्टा चुकीच्या ओळीबरोबर वर निघून जातो. यासाठी व्ह्यूपोर्टला (टेबलाचा दिसणारा भाग दाखवणाऱ्या, स्क्रोल-पेनमधल्या चौकटीला) चेंज-लिसनर लावा आणि त्यात टेबलाच्या गेट-माउस-पोझिशनवरून ओळ नव्याने काढा. माउस टेबलावर नसेल तर ही मेथड नल देते, ते तपासा.

प्रश्न : कंट्रोल धरून चाक फिरवलं की अक्षर मोठं व्हावं म्हणून टेबलाला माउस-व्हील-लिसनर लावला. अक्षर मोठं होतं, पण आता साधं स्क्रोलिंगच बंद पडलं.

चाकाचा इव्हेंट टेबलाला नको असेल तर तो वरच्या घटकांकडे जातो आणि स्क्रोल-पेन तो घेऊन सरकतं. तुम्ही टेबलाला लिसनर लावलात, म्हणजे इव्हेंट टेबलानेच घेतला, तो पुढे जायचा थांबला. कंट्रोल दाबलेलं नसेल तेव्हा तो तुम्हीच पुढे पाठवायचा : स्विंग-युटिलिटीजच्या गेट-ॲन्सेस्टर-ऑफ-क्लासने स्क्रोल-पेन शोधा, कन्व्हर्ट-माउस-इव्हेंटने इव्हेंट त्याच्या मापात बदला आणि स्क्रोल-पेनवर डिस्पॅच-इव्हेंट करा.

फॉन्ट बदलला की ओळीची उंची आपोआप बदलत नाही. जे-टेबलची ठरलेली उंची १६ पिक्सेल असते, आणि देवनागरीला ती मुळातच अपुरी आहे : वरची वेलांटी आणि रफार, खालचा उकार कापले जातात. नव्या फॉन्टचे फॉन्ट-मेट्रिक्स घ्या, त्याच्या गेट-हाइटमध्ये चारेक पिक्सेल मिळवा आणि सेट-रो-हाइटला द्या. हेडरचा फॉन्ट वेगळा द्यावा लागतो.

प्रश्न : ओळी कमी असताना खालच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करून ‘नवीन नोंद’ हवी आहे. तिथे लिसनरला काहीच कळत नाही.

ती जागा टेबलाची नाही, व्ह्यूपोर्टची आहे. टेबलावर सेट-फिल्स-व्ह्यूपोर्ट-हाइट ट्रू करा. मग टेबल खालपर्यंत ताणलं जातं आणि तिथलं क्लिक मिळतं, ओळ अर्थातच उणे १ येते.

प्रश्न : एक्सेलमध्ये हेडरवर दोन कॉलमच्या मधल्या रेषेवर डबल-क्लिक केलं की रुंदी मजकुराएवढी होते. तसं करता येईल का? टेबलाच्या लिसनरमध्ये हेडरचे क्लिक येत नाहीत.

हेडर हा स्वतंत्र घटक आहे, लिसनर गेट-टेबल-हेडरने मिळणाऱ्या जे-टेबल-हेडरला लावा. डबल-क्लिक आल्यावर हेडरच्या कॉलम-ॲट-पॉइंटने कॉलम काढा आणि गेट-हेडर-रेक्टने त्याचा चौकोन. तो दोन्ही बाजूंनी ३ पिक्सेलने आत घ्या. स्विंग स्वतः कॉलम ओढण्यासाठी एवढीच कड धरतं. बिंदू या आकसलेल्या चौकोनात असेल तर क्लिक रेषेवर नाही, सोडून द्या. नसेल तर बिंदू चौकोनाच्या डाव्या अर्ध्यात आहे की उजव्या ते बघा : डाव्या अर्ध्यात असेल तर बदलायचा कॉलम आधीचा, उजव्या अर्ध्यात असेल तर हाच. पहिल्या कॉलमच्या डाव्या कडेला आधीचा कॉलम नसतो, तिथे उणे १ येईल.

रुंदीसाठी प्रत्येक ओळीला प्रिपेअर-रेंडररने घटक मागून त्याची गेट-प्रिफर्ड-साइझ बघा, सर्वांत मोठी घ्या, तीत गेट-इंटरसेल-स्पेसिंगची रुंदी मिळवा आणि टेबल-कॉलमच्या सेट-प्रिफर्ड-विड्थला द्या. हेडरमधलं शीर्षक त्याहून लांब असू शकतं, तेही मोजा. ओळी हजारोंनी असतील तर गेट-व्हिजिबल-रेक्टमध्ये दिसणाऱ्याच मोजा. आणि ऑटो-रिसाइझ-मोड ऑफ नसेल तर एक कॉलम वाढला की शेजारचे आकसतात, मग वापरणारा पुढच्या रेषेवर डबल-क्लिक करतो आणि पहिला परत आकसतो.

प्रश्न : रक्कम टाइप करून लगेच ‘जतन करा’ बटणावर क्लिक केलं तर शेवटची रक्कम जतन होत नाही.

बटणावर क्लिक झालं तरी सेलचा एडिटर उघडाच असतो, मॉडेलमध्ये जुनीच रक्कम असते. टेबलावर पुट-क्लायंट-प्रॉपर्टीने ‘टर्मिनेट-एडिट-ऑन-फोकस-लॉस्ट’ ही प्रॉपर्टी ट्रू करा; तिच्या नावातही पहिलं अक्षर लहान आणि शब्द सलग. पण फोकस न घेणारं टूलबारचं बटण किंवा कीबोर्डचा शॉर्टकट यांना हा उपाय पुरत नाही. म्हणून जतन करणाऱ्या कोडच्या पहिल्या ओळीत, टेबल संपादनात असेल तर गेट-सेल-एडिटरवर स्टॉप-सेल-एडिटिंग बोलवा. त्याने फॉल्स दिलं तर रकमेच्या जागी कुणी अक्षरं लिहिली आहेत. जतन तिथेच थांबवा.

प्रश्न : ओळीवर क्लिक केलं की बाजूला तपशील दिसतो, बाणाच्या कळीने खाली गेलं तर बदलत नाही. लिस्ट-सिलेक्शन-लिसनर लावून बघितला, तर तपशील दोनदा लोड होतो.

लिस्ट-सिलेक्शन-लिसनरच बरोबर आहे. निवडलेल्या ओळीचा तपशील दाखवणं हे निवडीचं काम आहे, माउसचं नाही, इथे क्लिकला विचारून उपयोग नाही. दोनदा येतो कारण बटण दाबताना एक बदल कळवला जातो आणि सोडताना ‘आता स्थिर झालं’ असा दुसरा. पहिल्यात गेट-व्हॅल्यू-इज-ॲडजस्टिंग ट्रू असतं, तेव्हा काही न करता परत फिरा. ओळींवरून माउस ओढत नेला तरी मग तपशील एकदाच, शेवटी, लोड होतो. सॉर्ट किंवा फिल्टर बदलल्यावर निवड रिकामीही होऊ शकते, तेव्हा गेट-सिलेक्टेड-रो उणे १ देतं. त्या वेळी तपशील पुसा, जुना तसाच ठेवू नका.

डबल-क्लिकचं काम एंटरनेही व्हावं असं पुढे वाटेलच. टेबलात एंटर मुळात पुढच्या ओळीवर नेतो. तो बदलायला ‘व्हेन-ॲन्सेस्टर-ऑफ-फोकस्ड-कंपोनंट’ या इनपुट-मॅपमध्ये एंटरला स्वतःचं नाव द्या आणि त्या नावाची ॲक्शन ॲक्शन-मॅपमध्ये ठेवा. तीच मेथड डबल-क्लिकच्या लिसनरमधूनही बोलवा, फक्त ओळ देताना एकाला बिंदूवरून द्या आणि दुसऱ्याला निवडीवरून.